भागीरथीबाईंचा बंब

मार्गशीर्ष वद्य षष्ठी. सकाळी दाट धुकं, हातपाय आखडतील अशी थंडी. फार वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी भागीरथीबाई मोठं घर सोडून लेकीशेजारी दोन खोल्यांत राहायला जायच्या तयारीत होत्या. न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाला तिथे जागा नव्हती.

"मी लहान, मी मावेन," पितळी घंगाळ म्हणालं. "तू मात्र मोडीत जाणार!"

तेवढ्यात जुन्या वस्तूंचा व्यापारी आला. त्याने बंबावर टिचकी मारली. "बाई, असा नग आता मिळत नाही. मागाल ती किंमत देतो. मधली नळी कापून फुलझाड लावलं, की दिवाणखान्यात शोभेल."

बंबाला धडकी भरली. नळीच गेली, तर विस्तव घालणार कुठे?

"उद्या सांगते," बाई म्हणाल्या. त्यांनी बंबात पाणी भरलं, मग नळीत विस्तव घातला. "माझी चार बाळंतपणं काढलीस रे बाबा. या घरातली शेवटची आंघोळ तुझ्याच पाण्याने."

धूर पाहून सुईण साळूबाई दारात आली. "बाई, घरी बाळंतिणी आहेत. बादलीभर कढत पाणी द्याल?"

बाईंनी बंबाकडे पाहिलं. "बादली आज ने. उद्या बंबच घेऊन जा."

"फुकट गेलास की रे!" घंगाळ म्हणालं.

"नळी शाबूत राहिली," बंब म्हणाला. "बाईंचे उपकार."

दुसऱ्या दिवशी साळूबाईच्या अंगणात बंबातून पाच बादल्या पाणी निघालं. दोन बाळंतिणी आणि तीन बाळं न्हाली.