टेकूची पंगत

फार जुन्या काळी, शहरं नुसती आडवी पसरत होती आणि उभी वाढायला अजून शिकली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठच्या एका व्यापारी नगरात एक थोरला गवंडी राहत होता. त्याने घातलेल्या छताला कधी तडा गेला नव्हता. याचं श्रेय त्याच्या हाताला होतं, तेवढंच त्या नगरातल्या एका रीतीलाही होतं.

रीत अशी. नवं छत वाळेपर्यंत खाली लाकडी टेकू लावून ठेवत. ते काढायच्या दिवशी छताखाली पंगत बसे, आणि पंगतीला बसे गवंड्याचंच कुटुंब. बायको, मुलं, म्हातारे आईबाप. ते जेवत असताना सुतार एकेक टेकू काढत जाई. दिवस मात्र गवंड्यानेच ठरवायचा. आता तुम्हीच सांगा, कच्च्या छताखाली आपलं लेकरू कोण बसवील? म्हणून त्या नगरातली कामं सावकाश होत आणि पक्की होत.

पण सावकाशीचा कंटाळा आधी श्रीमंतालाच येतो. नगरशेठने एक भलीमोठी पेठ बांधायला काढली. एकावर एक मजले आणि प्रत्येक मजल्यावर दुकानांच्या रांगा. बांधायची तऱ्हाही नवी. दगड घडवत बसायचं नाही. साचे ठोकायचे आणि चुना-खडी कालवून त्यांत ओतायची. पाया भरून होतो न होतो तोच शेठने वरच्या मजल्यांवरची दुकानंसुद्धा व्यापाऱ्यांना देऊन टाकली. बाजारात तुरी म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. जत्रेच्या आधी पेठ उघडेल, असा शब्दही त्याने देऊन ठेवला.

पहिलं छत ओतून झालं आणि शेठ म्हणाला, "आता टेकू काढा. वरच्या मजल्याला तेच लागणार आहेत."

गवंड्याने मोगरीने छत ठोकून पाहिलं. आवाज बद्द आला. "पोटात अजून ओल आहे, शेठ. थांबावं लागेल."

"जत्रा थांबणार आहे का?"

"खाली माझी माणसं बसायची आहेत."

शेठ हसला. "मग तुझी नको बसवू. रीत पंगतीची आहे, ती कुणाची हे कोण बघतं? घमेली वाहणारी एवढी बिऱ्हाडं आहेत तुझ्याकडे. त्यांना गोडाधोडाचं जेवू घालू. पुण्यही पदरात पडेल."

गवंडी वाईट माणूस नव्हता. मला तर अशाच माणसांची भीती वाटते. छत बहुतेक टिकेल, असं त्याने स्वतःची समजूत घालायला सुरुवात केली. छताच्या बाबतीत 'बहुतेक' हा शब्द त्याने आजवर कधी वापरला नव्हता. पण शेठला दुखवलं तर पेठेचं काम दुसऱ्याला जाईल, आणि एवढं मोठं काम पुन्हा आयुष्यात मिळायचं नाही, हे त्याच्या मनातून जाईना. शेवटी त्याने मान डोलावली.

घरी बायकोने विचारलं, "पंगत कधी आहे हो? पोरीला नवं परकर-पोलकं शिवून ठेवलंय."

"या खेपेला पंगत नाही. काम नव्या तऱ्हेचं आहे, त्याला जुन्या रीती लागत नाहीत," तो म्हणाला. तिने हिरमुसून परकर-पोलकं पुन्हा पेटीत ठेवलं.

ठरल्या दिवशी छताखाली पानं मांडली. पोट भरायला परमुलखातून आलेलं एक बिऱ्हाड तिथे बसलं. नवरा-बायको, त्यांची लेकरं आणि एक म्हातारी. त्यांना ना रीत ठाऊक, ना तिचा अर्थ. आपला मान होतोय, एवढंच त्यांना कळत होतं. म्हातारीने तर पानावरची पुरणपोळी बघून हात जोडले. गवंडी शेठजवळ अंगणात उभा होता. तो पंगतीकडे बघत नव्हता, सुताराकडे बघत होता.

पंगतीची बातमी बाजारात फुटली होती. बायकोला वाटलं, नवऱ्याचा काहीतरी घोटाळा झाला, मान आपला आणि आपणच घरी बसलोय. ती पोरीला नवे कपडे घालून लगबगीने आली आणि म्हातारीशेजारी पाट ओढून बसली. तिलाही पान वाढलं गेलं. तोवर सुताराने कोपऱ्यातले टेकू काढले होते.

गवंड्याची नजर त्यांच्यावर पडली.

"अगं, जरा बाहेर ये," त्याने हाक मारली.

"वाढलेल्या पानावरून कसं उठू?"

"ये म्हणतो ना. पोरीला घेऊन ये."

नवऱ्याचा आवाज ऐकून ती उठली. म्हातारीला म्हणाली, "मावशी, एवढं पान राखा. मी आलेच."

"जा बाई, बघते मी," म्हणत म्हातारीने तिच्या पानावर हात आडवा धरला.

मायलेकी अंगणात पोचल्या. गवंड्याने पोरीला छातीशी धरलं. सुताराला थांब म्हणायला एक शब्द पुरला असता. पण तो शब्द उच्चारला असता तर 'तुला ठाऊक होतं' असं सगळ्यांनी म्हटलं असतं. तो गप्प राहिला. सुताराने मधल्या टेकूवर घाव घातला आणि अख्खं छत खाली आलं. सुतार आणि ते बिऱ्हाड, सगळे त्याखाली गेले. ढिगारा उपसल्यावर एकही जीव जिवंत निघाला नाही.

राजाने चौकशी मांडली. शेठ म्हणाला, "महाराज, दैवापुढे कुणाचं चालतं?" गवंड्यानेही मान डोलावली.

तेव्हा त्याची बायको पुढे झाली. "महाराज, छत पडायच्या आधी यांनी हाक मारली होती," ती म्हणाली. "मला आणि माझ्या पोरीला. बाकी कुणाला नाही."

मग गवंड्याने छतातली ओल आणि शेठचं बोलणं, सगळं कबूल केलं. राजाने शेठला आणि गवंड्याला जन्मभरासाठी कोठडीत टाकलं. बायको पोरीला घेऊन ते नगर सोडून गेली, आणि जाताना तिने नवऱ्याची भेटसुद्धा घेतली नाही.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, ध्यानात ठेवा: ज्या छताखाली आपलं माणूस बसवायची छाती होत नाही, त्याखाली दुसऱ्याचं माणूस बसवू नये.