पाकोळ्या उतरेपर्यंत

एक होता राजा, आणि त्याला एका जागी बसता म्हणून येत नव्हतं. सिंहासनावर बसला की पाय हलवायचा, पाय दाबून धरले की बोटं नाचवायचा. जेवताना तीनदा उठायचा. रात्री या कुशीवरून त्या कुशीवर. नमू, हसतेस काय? तू तरी काय वेगळं करतेस गं? पाय आवर आधी, पांघरुणात वारा शिरतो.

तर त्या राजाच्या गावाला एक तळं होतं. इतकं मोठं, की पलीकडचा काठ दिसायचा नाही. अलीकडे घाटाजवळ कमरेएवढ्या पाण्यात बोरूचं दाट रान होतं. दिवाळी सरून थंडी पडली की तिथे पाकोळ्या यायच्या. त्या नाहीत का, शेपटीला कात्री असलेल्या? त्याच. दिवसभर किडे टिपत कुठे कुठे हिंडायच्या आणि दिवस मावळला की हजारोंनी जमायच्या. वर गोल गोल फिरायच्या, नुसता कलकलाट. मग एकदम सगळ्या बोरूत उतरायच्या आणि सगळं गप्प व्हायचं.

घाटावर दीपमाळ होती. ती लावायचं काम गोजराबाईचं. काम सोपं, पण त्याला एक नेम होता, बरं का. पाकोळ्या उतरल्याशिवाय दिवा लावायचा नाही. उडत्या पाकोळ्या ज्योतीवर झेपावतात. फार वर्षांपूर्वी कुणीतरी घाई केली होती, तर सकाळी घाटभर जळक्या पंखांचा सडा पडला होता. तेव्हापासून आधी पाकोळ्या, मग दीपमाळ, मग घरोघरचे दिवे.

मग काय झालं, राजाला कुणीतरी सांगितलं, महाराज, पाकोळ्या उतरताना बघाव्यात, जिवाला शांत वाटतं. राजाला तेच तर हवं होतं बिचाऱ्याला. पहिल्या दिवशी तो घाटावर आला. पण बसतोय कुठला! या पायरीवरून उठ, त्या पायरीवर बस. पाकोळ्या जरा उशिराच उतरल्या. राजा म्हणाला, लांबून काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो नाव घेऊन थेट बोरूच्या कडेला गेला. हा आत चुळबुळ करणार, नाव डुगडुगणार. पाकोळ्या खाली यायच्या, बिचकायच्या, परत वर. पार अंधार पडता पडता उतरल्या. गावातल्या बायका तोवर अंधारात बसलेल्या, पोरं किरकिरायला लागलेली. आणि राजाला वाटलं काय, तर अजून जवळ जायला हवं.

मग तिसऱ्या दिवशी त्याने शिपायांकडून मधोमध बोरू कापून घेतला. चांगली अंगणाएवढी जागा मोकळी केली. तिथे पाण्यात उंच चौरंग मांडला आणि वर बसला.

त्याच दिवशी गोजराबाईची लेक तुळसा माहेरी यायची होती. पहिलं बाळंतपण, दिवस भरत आलेले. नाव सकाळी पलीकडून निघाली की इकडे पोचायला दिवेलागण व्हायची. वाटेत पाण्याखाली खडक होते. नावाडी दीपमाळ बघून त्यातून वाट काढायचे.

सूर्य बुडाला. पाकोळ्या जमल्या, खाली आल्या, आपली जागा बघतात तर तिथे जागाच नाही, वर राजाचं पाय हलवणं. उडाल्या. परत आल्या, परत उडाल्या. अंधार दाटायला लागला. गोजराबाईच्या समोर खापरात निखारे होते, हातात काकडा होता. दोनदा तिने तो निखाऱ्यांपाशी नेला आणि दोनदा मागे घेतला. लावावा तर एवढे मुके जीव जळणार. न लावावा तर लेक आणि लेकीच्या पोटातलं. तेवढ्यात पाण्यावरून लांबून नावाड्याची हाक आली. दिवा का नाही म्हणून तो विचारत होता.

मग गोजराबाईने काकडा खाली ठेवला, पदर खोचला आणि उतरली पाण्यात. राजाला भ्यायला तिला वेळ कुठे होता? गेली ती तडक चौरंगापाशी.

"महाराज, खाली उतरा. कापलेला बोरू कवेत घ्या, उभा धरा आणि हलू नका. माझी पोटुशी लेक त्या नावेत आहे."

राजाचा चेहरा एवढासा झाला. "मला नाही जमत, बाई. कधीच जमलं नाही."

"आज जमवा," एवढंच ती म्हणाली.

राजा उतरला. शिपाई उतरले. कमरेएवढ्या गार पाण्यात सगळे बोरूच्या पेंढ्या उभ्या धरून राहिले. आणि गोजराबाई घाटावर परत येऊन काकडा धरून बसली. आता तिला करण्यासारखं काही नव्हतं. लेकीचा जीव कुणावर, तर ज्याला घासभर जेवताना बसवत नाही त्याच्यावर! वाईट वाटत होतं, रागही येत होता, आणि कान सगळे आभाळाकडे.

कलकलाट खाली आला आणि पुन्हा वर गेला. राजाच्या नाकाला खाज आली होती. मग पुन्हा खाली आला, पुन्हा वर. राजाचा खांदा थरथरला होता. तिसऱ्या वेळी एक इवलीशी पाकोळी येऊन त्याच्या अंगठ्यावर बसली. हे राजाने मागाहून सांगितलं, तेव्हा गोजराबाईला कळलं. म्हणाला, तिचं काळीज अंगठ्यावर धडधडत होतं. मी हललो असतो तर ती घाबरली असती, मग मी हललोच नाही.

आणि कलकलाट थांबला.

गोजराबाईने तरी दहा श्वास मोजले. मग काकडा पेटवला, दीपमाळ लावली. बघते तर नाव खडकापासून हातभर अंतरावर! नावाड्याने वल्हं मारलं, नाव वळली आणि घाटाला लागली. गावात एकेक दिवा लागत गेला. तुळसा जपून जपून उतरली. आईने तिला पोटाशी धरलं आणि मग कुठे तिला रडू आलं.

तुळसाने पाण्याकडे पाहिलं. माणसं बोरू धरून उभी, हातांवर, खांद्यांवर पाकोळ्याच पाकोळ्या. मधल्या एकाचं तर डोकंसुद्धा दिसत नव्हतं. ती विचारणार, तोच गोजराबाईने तिच्या तोंडावर हात ठेवला.

"हळू. राजा निजलाय."

खरंच निजला होता गं, उभ्या उभ्या, जन्मात पहिल्यांदा! पहाटे पाकोळ्या उडाल्या तेव्हा जागा झाला. मग त्याने बोरूला कुणी विळा लावायचा नाही असा हुकूम काढला आणि रोज घाटावरूनच पाकोळ्या बघायला लागला. एका पायरीवर बसून, बरं का. तुळसाला मुलगी झाली. सगळी सुखात राहिली.

आता कुणी हलायचं नाही. एकेक पाकोळी येतेय, बसू दे तिला अंगठ्यावर. नमू? पाय थांबले वाटतं. चला, आपला दिवा मी मालवते.