पाळण्याचं दातेरी चाक

किती वर्षं झाली ते विचारू नका, सांगणारं कुणी उरलेलं नाही. ज्या राजांची आता नावंही कुणाला आठवत नाहीत, त्यांच्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावीच. मोठ्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐकावी, कारण यातली चूक लहान मुलं करत नाहीत.

एका उंच डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं. खाली नदी, बाजार आणि दुसरं गाव. वर यायला पायवाट होती, पण ती डोंगराला वळसा घालून यायची आणि अर्धा दिवस खायची. म्हणून माथ्यावरच्या जुन्या माणसांनी दरीच्या तोंडाशी एक पाळणा बसवला होता. साखळीच्या एका टोकाला पाळणा, दुसऱ्या टोकाला दगडाचं वजन, आणि वर भक्कम तुळयांवर एक मोठं दातेरी चाक. साखळीचे दुवे चाकाच्या दातांत बसत. दोन गडी दांडा फिरवत आणि माणूस वर येई. धान्य त्यातून यायचं, आजारी माणसं त्यातून जायची, नव्या नवऱ्याही त्यातूनच गावात यायच्या.

एका वर्षी त्या चाकाचे दात झिजून अगदी बारीक झाले. साखळी मधूनच सटकायला लागली. तेव्हा गावच्या पाटलांनी कोंडीबा लोहाराला बोलावलं आणि नवं चाक करायला सांगितलं.

आता गाव म्हटलं की सल्ले आलेच. कुणी म्हणालं, पितळेचं करा, लांबून चमकेल. कुणी म्हणालं, बाभळीचं करा, हलकं होईल. कुणी म्हणालं, बीड ओता, ओतीव लोखंडाचं चाक चार दिवसांत उरकेल. कोंडीबाने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "पितळ साखळीखाली लोण्यासारखं झिजेल. बाभूळ पावसात फुगेल. आणि बीड हिसक्याला फुटतं. चाक मी माझ्या बापाच्या रीतीनं करणार."

बापाची रीत अशी होती. चाक घडवायचं मऊ, चिवट लोखंडाचं. मग त्याच्या दातांभोवती कोळशाची पूड आणि शिंगांचा भुगा भरायचा, वरून माती लिंपायची आणि सात दिवस विस्तव विझू द्यायचा नाही. कोळशाचा गुण हळूहळू दातांत उतरतो. शेवटी फक्त लाल तापलेल्या दातांना पाणी द्यायचं, म्हणजे दात पोलादासारखे कठीण होतात आणि चाकाचं पोट मऊच राहतं. बाप सांगायचा, "साखळी घासते ती दातांवर, म्हणून दात कठीण. हिसका बसतो तो पोटाला, म्हणून पोट मऊ. पोटही कठीण केलंस तर एक दिवस चाक काचेसारखं तडकेल."

कोंडीबाने तसंच चाक केलं. भाता त्याच्या बायकोने, गोदाने, ओढला. सात दिवस दोघांनी आळीपाळीने झोप काढली.

गुढीपाडव्याला चाकाची परीक्षा झाली. गावची तशी रीतच होती. पाटलांनी सगळ्यांसमोर चाकावर कानस फिरवायची. ओरखडा उठला नाही तर चाक पास. ओरखडा उठला तर चाक नापास, आणि लोहाराने ते स्वतःच्या हातांनी तोडून त्याचे बैलांचे नाल करायचे.

रीत चांगलीच होती. फक्त एक झालं होतं. मागच्या चाकाची परीक्षा घेणारी जाणती माणसं आता हयात नव्हती. कानस लावायची एवढं गावाच्या ध्यानात राहिलं होतं. ती दातांवर लावायची, हे गाव विसरून गेलं होतं.

पाटलांनी कानस घेतली आणि चाकाच्या बरोबर मधोमध फिरवली. लख्ख पांढरा ओरखडा उठला. लोकांत कुजबूज सुरू झाली.

"पाटील, अहो, ती तिथं..." कोंडीबा बोलायला लागला.

पाटील त्याला मध्येच तोडत म्हणाले, "कोंडीबा, तुझ्या बापाच्या चाकानं तीस वर्षं आमची माणसं वर आणली. आज तो असता तर त्यानं मान खाली घातली असती."

कोंडीबाच्या जिव्हारी लागलं. तोंडाशी आलेले शब्द त्याने गिळून टाकले. सांगायला फार नव्हतं हो, चार शब्दांचं काम होतं. पण अपमान झालेल्या माणसाला चार शब्दसुद्धा जड होतात. तो एवढंच म्हणाला, "दुसरं करून देतो."

आधीचं चाक तोडायला त्याला दोन दिवस लागले. छिन्नी बोथट झाली, घणाचा दांडा मोडला, तरी चाक तुटेना. गोदा बाजूला उभी होती. ती म्हणाली, "एवढे घाव सोसतंय, आणि याला म्हणे मऊ."

कोंडीबाने मग दुसरं चाक केलं. सगळंच्या सगळं कडक पोलादाचं, आणि पाणीही सगळ्या चाकाला दिलं. पाटलांनी कानस फिरवली. ती किंचाळत घसरून गेली, चाकावर रेघही उठली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाटलांनी कोंडीबाच्या हातात नारळ दिला, खांद्यावर शेला घातला आणि म्हणाले, "शोभलास बापाला." खोटं कशाला सांगू, कोंडीबाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

घरी आल्यावर गोदाने विचारलं, "किती दिवस टिकेल?"

"उन्हाळा काढेल. पावसाळाही काढेल. थंडीचं मात्र सांगता येत नाही. गारठ्यात कडक पोलाद दगा देतं."

"मग आत्ताच जाऊन सांगा ना."

"अगं, आज? एवढा मान दिल्यावर?" कोंडीबा म्हणाला. "थंडीच्या आत मी बापाच्या रीतीचं चाक करतो आणि काहीतरी निमित्त काढून बदलतो. कुणाला कळायचंही नाही."

"कळायला हवं," गोदा म्हणाली. पण तिनेही पुढे ताणून धरलं नाही.

उन्हाळ्यात औतांचे बोथट फाळ ठोकून टोकदार करायचे होते. पावसाळ्यात कोळसा ओला होता. मग सुगी आली आणि विळ्यांना धार लावता लावता दिवस पुरेना. आज करू, उद्या करू असं चाललं होतं. रस्त्यात भेटणारा जो तो म्हणे, "कोंडीबा, चाक काय घडवलंस," आणि प्रत्येक वेळी खरं सांगणं आणखी अवघड होऊन बसे. पाळणा वर येताना दिसला की तो हातातलं काम थांबवायचा. माणूस वर उतरलं की पुन्हा कामाला लागायचा.

शेवटी मार्गशीर्ष उजाडला. गवतावर दहिवर पडायला लागलं. आता मात्र कोंडीबाने धसका घेतला. त्याने घाईघाईने चिवट लोखंडाचं नवं चाक घडवलं, दातांभोवती कोळशाची पूड भरली, माती लिंपली आणि विस्तव पेटवला. सात दिवस लागणार होते. त्या सात दिवसांसाठी तो पाळण्याच्या गड्यांकडे गेला.

"पहाटेच्या गारठ्यात पाळणा चालवू नका," तो म्हणाला. "ऊन वर आल्यावर चालवा."

"का रे बाबा?" गड्यांनी विचारलं.

खरं कारण त्याच्या जिभेवर आलं होतं. पण तो म्हणाला, "साखळीचं तेल थिजतं. साखळी खराब होते."

गड्यांनी मान डोलावली. पाच दिवस त्यांनी त्याचं ऐकलं.

सहाव्या दिवशी, अजून तांबडं फुटत होतं तेव्हा, खालून हाक आली. ती भागाआई होती. भागाआई म्हणजे माथ्यावरची सुईण. गावातल्या निम्म्या लोकांनी जगात आल्यावर पहिला स्पर्श अनुभवला तो तिच्या हातांचा. खालच्या गावात एक बाळंतपण उरकून ती परत निघाली होती, आणि वर एक पहिलटकरीण कालपासून अडली होती, तसा निरोप तिला मिळाला होता.

गड्यांनी वरून सांगितलं, "आई, जरा थांब. ऊन येऊ दे. साखळी खराब होते म्हणून कोंडीबा सांगून गेलाय."

भागाआई खालून म्हणाली, "साखळी नवी करता येईल रे. ती पोर वर तडफडतेय. ओढा."

बरोबरच बोलली ती. साखळीपेक्षा बाळंतीण मोठी, हे कुणालाही पटेल. चाक तडकेल असं तिला कुणी सांगितलं असतं, तर तिने पदर खोचून पायवाट धरली असती. उशिरा का होईना, पोचली असती. पण तसं तिला कुणीच सांगितलेलं नव्हतं.

गड्यांनी दांडा फिरवला. पाळणा अर्ध्यावर आला. वाऱ्याने साखळीला एक हिसका बसला आणि चाक आरपार तडकलं. तो आवाज भट्टीपाशी बसलेल्या कोंडीबाला ऐकू आला. काय झालं ते त्याला कुणी येऊन सांगावं लागलं नाही.

भागाआई गेली. वर जी तिची वाट बघत होती, तिचं मूल वाचलं, ती वाचली नाही.

तिसऱ्या दिवशी सगळं गाव देवळासमोर जमलं. पाटलांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, "लोखंडच खोटं निघालं. यात कुणाचा दोष नाही. चाकाची परीक्षा आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली होती." दोघातिघांनी कोंडीबाच्या पाठीवर हात ठेवला. एक म्हातारा त्याला म्हणाला, "तू जिवाला लावून घेऊ नकोस."

कोंडीबा तेव्हाही गप्प बसू शकला असता. कुणालाही कधी कळलं नसतं. गोदाने त्याच्याकडे पाहिलं.

तो उठून उभा राहिला. "लोखंड खोटं नव्हतं," तो म्हणाला. "चाक तडकणार हे मला ठाऊक होतं."

मग कोंडीबाने सगळं सांगितलं. दात कठीण का ठेवायचे, पोट मऊ का ठेवायचं, कानस कुठे लावायची, आणि गड्यांना त्याने साखळीचं कारण का सांगितलं, तेही.

पाटील म्हणाले, "मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"त्या दिवशी तुम्ही बापाचं नाव काढलंत, ते मला लागलं. पुढं तुम्ही मान दिलात, तो मला गोड लागला. एकदा रागानं गप्प बसलो, एकदा सुखानं."

"चूक माझीही आहे, कोंडीबा. कानस मी भलत्या जागी लावली."

"पाटील, तुम्हाला ठाऊक नव्हतं," कोंडीबा म्हणाला. "मला ठाऊक होतं."

गावाने त्याला हाकलून दिलं नाही. तुला माफ केलं, असंही कुणी म्हणालं नाही. भट्टीतलं चाक सात दिवस पुरे होऊन तयार झालं होतं. सभेच्या दुसऱ्या दिवशी कोंडीबाने ते दरीच्या तोंडाशी नेऊन बसवलं.

ते चाक चाळीस वर्षं चाललं. ना दात झिजले, ना पोट तडकलं. तसं चाक त्या मुलखात पुन्हा झालं नाही, असं म्हणतात. पण कोंडीबासमोर त्या चाकाचं कौतुक कुणी कधी केलं नाही, आणि त्यालाही ते ऐकायचं नव्हतं. तो मरेपर्यंत खाली-वर पायवाटेनेच चालत गेला. ती वाट अर्ध्या दिवसाची होती. भागाआई त्याच वाटेने सुखरूप घरी आली असती, हे त्याला प्रत्येक पावलाला आठवायचं.

तात्पर्य: खरं ठाऊक असून जो गप्प बसतो, त्याच्या गप्प बसण्याचं मोल दुसऱ्याला जिवानं मोजावं लागतं.