पायांची पाहणी

त्या घरात माणसे राहत नव्हती. तिथे लाकडाचे राज्य होते, आणि ते राज्य आतून खाल्ले जात होते.

नेमके कोण खाल्ले जात आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. सकाळी उजेड आला की जमिनीवर पिठासारखी भुकटी दिसे, एवढेच. बारीक किडे लाकडात शिरतात, बाहेरचा रंग तसाच राहू देतात, आतले सारे पोखरतात आणि मग शेजारच्या लाकडात जातात, हे सर्वांना माहीत होते. म्हणून कायदा कडक होता. जो किडका ठरेल त्याने चुलीत जायचे.

किडका ठरवण्याची एक जुनी रीत होती. रोज सकाळी प्रत्येकाने आपला पाय उचलून दाखवायचा. ज्याच्या पायाखाली भुकटी, तो संशयित. या रीतीने कीड सापडली की नाही हे सांगता येत नाही, पण शेजार मात्र संपला. उजाडण्यापूर्वी जो तो आपल्या पायाजवळची भुकटी दुसऱ्याकडे सारू लागला. दुसरा ती तिसऱ्याकडे सारी. पाण्याचे हंडे वाहणारी घडवंची या कामात इतकी पटाईत झाली होती की तिचे पाय नेहमी लख्ख असत, आणि तिच्या आसपासचे सगळे नेहमी संशयित.

फक्त थोरले कपाट पाय उचलत नसे. ते शिसवी होते, भिंतीला पाठ लावून उभे होते, आणि राज्यातल्या सगळ्या किल्ल्या त्याच्या पोटात होत्या. एवढ्या वजनाने पाय उचलणे शोभत नाही, असे पूर्वीच कधीतरी ठरले होते. कपाट पाहणी घेई. पाहणी देत नसे.

त्याच्या कुशीला टेकून एक फणसाचा पाट उभा असे. पाटाला पाय नव्हते, खाली दोन पट्ट्या होत्या, त्यामुळे त्याला भुकटी कोणाकडे सारता येत नसे. त्याच्याजवळ ती रोज सापडे. कधी कधी ती त्याच्या अंगावरही असे, वरून सांडल्यासारखी. पण रीतीमध्ये वरून सांडणे हा प्रकार नव्हता.

एका हिवाळ्यात भुकटी फार वाढली. एकमेकांवर आळ घेऊन सगळे थकले, आणि पायांवर विसंबण्यापेक्षा कीड ओळखणारा एक पक्का शोधक नेमावा, असा विचार पुढे आला. कपाटाने तो उचलून धरला. ज्यांना असे काही जाणता येत होते त्यांना बोलावणे गेले.

पहिला कोळी आला. प्रत्येकाला एकेक धागा बांधतो, आत दात चालले की धागा थरथरतो, असे त्याने सांगितले. युक्ती बरी होती. पण कपाटाच्या चकचकीत अंगाला धागा बांधायचा म्हणताच सभेत कुजबुज झाली. कपाटाला वगळून बांध, असे घडवंचीने सुचवले. कोळी म्हणाला की एक धागा सोडला तर जाळे होत नाही. त्याला उद्धट ठरवून झाडूकडून बाहेर काढण्यात आले.

दुसरा आला तंबोरा. तो खुंटीवर टांगलेला असे, वयाने सर्वांत जुना, फार शिकलेला, आणि म्हणूनच की काय, कोणत्याही प्रश्नाला लगेच उत्तर न देणारा. त्याची रीत साधी होती. त्याला लाकडाला टेकवायचे आणि सर्वांनी गप्प राहायचे. आत काही कुरतडत असेल तर त्याची खर्जाची तार आपोआप हलत असे.

तिसरी पाल आली. ती कपाटामागून आली. त्या हिवाळ्यात बाहेर किडामुंगी दिसत नव्हती आणि इतर पाली वाळून गेल्या होत्या, पण हिचे पोट गुबगुबीत होते. आपण नुसते पाहतो आणि किडका दिसला की चुकचुकतो, असे तिने सांगितले. टेकवायला नको, बांधायला नको, गप्प बसायला नको. हे सर्वांना आवडले.

दोघांपैकी एकाची निवड करायची तर परीक्षा हवी, आणि परीक्षेसाठी एक नक्की किडका हवा. तो ओळखेल तो शोधक खरा. पण नक्की किडका कोण हे कळत नव्हते म्हणूनच तर शोधक हवा होता. ही अडचण तंबोऱ्याने अडखळत मांडली. सभेला ती शब्दांचा खेळ वाटली.

"पाट आहे की," घडवंची म्हणाली. "त्याच्या अंगावर भुकटी सगळ्यांनी पाहिलीय."

"अंगावर आहे," पाट म्हणाला. "अंगातली नाही. मला उलटा करून बघा, एक भोक दाखवा."

"भोक दिसत नाही म्हणजे कीड किती मुरलेली असेल बघा," घडवंची म्हणाली, आणि सभेतली बाके हसली. त्यांच्यावर कोणी बोट ठेवलेले नव्हते, त्यामुळे त्यांना हसणे सोपे होते.

मग कपाट बोलले. त्याचा आवाज पोकळ आणि भारदस्त होता. "पाट नक्की किडका धरावा. परीक्षा झाली की त्याला कायद्याप्रमाणे चुलीत द्यावे."

पाटाचे जगणे आता परीक्षेवर लटकले. शोधकांनीच तो निरोगी आहे असे सांगितले तर त्याची सुटका होणार होती. पण तसे सांगणारा शोधक नापास होणार होता.

परीक्षेआधी घडवंची खुंटीखाली आली. "बुवा," ती वर पाहून म्हणाली, "कपाट दादासाहेबांना तुम्हीच हवे आहात. पाल ती काय, सरपटणारी जात. तार जरा हलली की जागा तुमची. खुंटी बदलून देणार आहेत, देव्हाऱ्याजवळची."

"तार मी हलवत नाही," तंबोरा म्हणाला. "ती हलते."

"तेच म्हणतेय मी. हलू द्या."

परीक्षेच्या वेळी पाल आधी आली. तिने पाटाकडे पाहिले, मग सभा कुठे पाहते आहे ते पाहिले, मग कपाटाकडे पाहिले, आणि पुन्हा पाटाकडे पाहून चुकचुकली. सभेने समाधानाने माना हलवल्या.

मग तंबोऱ्याला खुंटीवरून उतरवून पाटाला टेकवले. सगळे गप्प झाले. तार हलली. चांगली स्पष्ट हलली. कुरकुर, कुरकुर, जणू कोणी पलीकडे सुपारी कातरत होते. बाकांनी सुटकेचा श्वास सोडला.

"पाट कपाटाला टेकलेला आहे," तंबोरा हळूच म्हणाला. "त्याला जरा मोकळ्या जागी घ्यावे. मला खात्री करून घ्यायची आहे."

याला नाही म्हणणे अवघड होते. पाटाला ओढत मध्ये आणले आणि तंबोऱ्याला पुन्हा टेकवले. तार स्थिर राहिली. सभा वाट पाहत राहिली. तार हलली नाही.

"पाट निरोगी आहे," तंबोरा म्हणाला.

इतका वेळ गप्प असलेल्या पाटाच्या फळीतून एक बारीक आवाज निघाला. उन्हात तापलेले लाकूड सैल होताना निघतो तसा.

"मग मघाशी काय हलले, बुवा?" कपाटाने विचारले. "तुम्हाला ऐकू आले ते कुणाचे?"

तंबोऱ्याला उत्तर माहीत होते, किंवा त्याला तसे वाटत होते. भिंतीतून खुंटीत आणि खुंटीतून त्याच्या भोपळ्यात ती कुरकुर तो वर्षानुवर्षे ऐकत आला होता, आणि ती कोणत्या बाजूने येते हेही त्याला जाणवत होते. पण जाणवणे म्हणजे कळणे नव्हे, असे तो आयुष्यभर स्वतःला बजावत आला होता. जुन्या भोपळ्यातही कीड पडते. आपल्याच पोटातला आवाज आपण दुसऱ्याच्या नावावर घालत असलो तर? कपाटाला टेकवून पाहिल्याशिवाय कसे सांगावे? आणि मला कपाटाला टेकवा, असे म्हणायला लागणारा आवाज त्याच्याकडे नव्हता.

"कदाचित," तो म्हणाला, "ते माझ्यातलेही असेल. मी जुना आहे. माझी चूक होऊ शकते."

पुढे तो पाटाबद्दल आणखी काही सांगत होता, पण कोणी ऐकले नाही. स्वतः किडका असल्याची शंका ज्याला आहे त्याची साक्ष धरता येत नाही, असे कपाटाने जाहीर केले. पालीची नेमणूक झाली. तंबोऱ्यालाही चुलीत देण्याचे ठरत होते, पण चूल म्हणाली, "भोपळा मला नको. नुसता धूर होतो." म्हणून त्याच्या तारा सैल केल्या आणि त्याला खुंटीवर तोंड भिंतीकडे करून टांगले.

पाटाला चुलीकडे नेताना त्याने तंबोऱ्याच्या पाठीकडे पाहिले.

"बुवा," तो म्हणाला, "तुम्ही खरंच सांगितलंत. पण अर्धंच."

किडके लाकूड जळताना तडतडते, आतले किडे फुटतात, हे सर्वांनी ऐकलेले होते. म्हणून सगळे चुलीभोवती कान देऊन उभे राहिले. पाट जराही तडतडला नाही. सरळ, पिवळ्या ज्वाळेने जळला. "लाकूड चांगलं होतं," चूल म्हणाली. पालीला पाहूनच किडे पळून गेले असणार, असे घडवंचीने नंतर पसरवले.

दुसऱ्या सकाळी भुकटी होतीच. आता मध्ये पाट नव्हता, म्हणून ती जवळच्या बाकाखाली गेली होती. पाल चुकचुकली. बाकही न तडतडता जळले. मग दुसरे बाक, मग मांडणी, मग चौरंग. प्रत्येकाने आपल्या आधीच्याला ढकलायला हात लावला होता, त्यामुळे आपल्या पाळीला ओरडायला कोणाजवळ तोंड राहिले नव्हते. घडवंचीने शेवटपर्यंत पाय लख्ख ठेवले. पाल तिच्याकडे पाहून चुकचुकली तेव्हा तिने चारही पाय एकदमच उचलून दाखवले आणि ती आडवी पडली. तशीच तिला ओढून नेले.

शेवटी घर मोकळे झाले. कपाट, पाल, चूल आणि भिंतीकडे तोंड केलेला तंबोरा, एवढेच उरले. जमीन भुकटीने पांढरी झाली होती.

"आज पाहणी कोणाची?" चुलीने विचारले. तिला भूक लागली होती.

कपाटाला तो प्रश्न आवडला नाही. पण राज्य आता स्वच्छ झाले होते, शोधक आपला होता, आणि आपण रीतीला भीत नाही हे एकदा दाखवून टाकावे असे त्याला वाटले. "माझी घ्या," ते म्हणाले, आणि पालीला हाक मारली.

मग कपाटाने आयुष्यात पहिल्यांदा पाय उचलला. वर आली ती पॉलिशची एक पातळ, चकचकीत नळी. तिच्यातला पाय पिठासारखा खाली सांडत राहिला, आणि त्यामागोमाग दुसरा पाय, मग तळाची फळी, मग किल्ल्या.

कपाटाच्या पाठीत एक वाटोळे भोक होते. त्याच्या कडा रोजच्या येण्याजाण्याने गुळगुळीत झाल्या होत्या. हाक ऐकून पाल त्यातून अर्धी बाहेर आली. तिच्या तोंडात एक पांढरा किडा अजून वळवळत होता. तिने सांडणाऱ्या भुकटीकडे पाहिले, किडा गिळला, आणि चुकचुकली नाही.