डुबी बेडकीचं गार पोट

एक होती बेडकी. एवढीशी. सुपारीएवढी. नाव तिचं डुबी.

समुद्राजवळ होतं येसूकाकूचं परस. परसात पडवळाचा वेल. वेलाखाली डुबीचं घर.

काकू रोज वेलाला तांब्याभर पाणी घालायची. डुबी ओल्या मातीवर पोट टेकून बसायची. बेडक्या तोंडाने पाणी पीत नाहीत बरं का! पोटाने पितात.

यंदा काकूने वेल लावला नव्या जागी. तिथली माती होती वाळूची. काकूने पाणी घातलं. सुळ्ळ! पाणी गेलं खाली. डुबीने पोट टेकलं. माती कोरडी! पोट कोरडं! वेलाची पानंसुद्धा मलूल.

डुबीला रडूच आलं. पण रडून पोट भिजतं का? नाही ना!

डुबी म्हणाली, "माती माती, पाणी धर.
वेलाला पाणी मिळेना,
पोट माझं भिजेना!"

माती म्हणाली, "धरणार नाही! माझी भोकं मोठी मोठी. पाणी पळून जातं. कोळशाला आण, मग धरीन."

टुणुक टुणुक, डुबी गेली चुलीपाशी. तिथे टोपलीत बसला होता करवंटीचा कोळसा. काळाकुळकुळीत. काकूने झाकण घालून विझवलेला. तोरा तर केवढा!

"कोळसेदादा, कोळसेदादा, मातीत चला.
माती पाणी धरीना,
वेलाला पाणी मिळेना,
पोट माझं भिजेना!"

कोळसा म्हणाला, "येणार नाही! माझ्या अंगभर चिमुकली भोकं. सगळी रिकामी. असा उपाशी आलो तर वेलाचाच घास खाईन. आधी शेणकाला, म्हणजे शेणाचं पाणी, पाज, मग येईन."

टुणुक टुणुक, डुबी गेली गोठ्यात.

"गायताई, गायताई, शेण दे.
कोळसा मातीत जाईना,
माती पाणी धरीना,
वेलाला पाणी मिळेना,
पोट माझं भिजेना!"

गाय म्हणाली, "देणार नाही! खाल्लं नाही तर शेण कुठलं? हिरवं गवत आण, मग देईन."

टुणुक टुणुक, डुबी गेली काकूकडे. धापा टाकत गेली. पोट आता अगदी सुकलं होतं.

"येसूकाकू, येसूकाकू, गवत काप.
गाय शेण देईना,
कोळसा मातीत जाईना,
माती पाणी धरीना,
वेलाला पाणी मिळेना,
पोट माझं भिजेना!"

काकू म्हणाली, "अगो, कापू कशी? हा मेला डास बघ. गुंईं गुंईं करतो, चावून चावून खातो. त्याला घालव, मग कापीन."

डुबी म्हणाली, "डासा डासा, उडून जा.
काकू गवत कापीना,
गाय शेण देईना,
कोळसा मातीत जाईना,
माती पाणी धरीना,
वेलाला पाणी मिळेना,
पोट माझं भिजेना!"

डास म्हणाला, "जाणार नाही! आधी मला आणून दे..."

काय आणून द्यायचं? कोणालाच कळलं नाही. कारण डुबीने जीभ काढली आणि लप्प!

डास गेला पोटात.

मग काकूने गवत कापलं. खर्र खर्र!
गाईने गवत खाल्लं. मचमच मचमच!
गाईने शेण दिलं. थप्प!
काकूने शेणात पाणी घातलं. त्यात कोळसा कुटून टाकला.
बुडबुड बुडबुड! कोळसा पिऊ लागला.

एक दिवस प्याला. दोन दिवस प्याला. केवढी ती भूक! तोवर काकूने डुबीला करवंटीत पाणी दिलं. डुबी त्यात बसली. पण करवंटी म्हणजे काही घर नव्हे.

तिसऱ्या दिवशी काकूने कोळसा मातीत कालवला. वर तांब्याभर पाणी घातलं.

सुळ्ळ...

पाणी निघालं पळायला. कोळशाच्या भोकांत शिरलं. आणि बसलं! या भोकात थोडं, त्या भोकात थोडं.

डुबी मागे उभी. पुढे जायची भीतीच वाटत होती. पुन्हा कोरडं लागलं तर?

"जा गो बाय," काकू म्हणाली.

टुणुक. डुबीने हळूच पोट टेकलं.

गार! गार गार गार!

सकाळी ओलं. दुपारी ओलं. संध्याकाळीसुद्धा ओलं! वेलाची पानं ताठ झाली. त्याला पांढरं फूल आलं. मग आलं पडवळ. लांबच लांब! वाढता वाढता पार डुबीच्या डोक्याला टेकलं.

डुबी काही हलली नाही. इतक्या खेपा घालून मिळालेली जागा, ती कशाला सोडेल?

कोळशात पाणी बसलं, मातीवर डुबी बसली. आणि गोष्ट? ती बसली तुमच्या पोटात!