डोंगराचं गवत, गोठ्यातलं शेण

डोंगराच्या पोटाशी एक गाव होतं, भातावर जगणारं. खालच्या आळीत सपाट जमिनी आणि गुरांनी भरलेले गोठे. वरच्या वाडीत उतारावरच्या चिंचोळ्या पट्ट्या, आणि दारात फार तर एखादी शेळी.

गावाची एक जुनी रीत होती. भाताची रोपं टाकायच्या आधी, उन्हाळ्यात, डोंगरावरच्या फांद्या तोडून आणायच्या, वाफ्यावर पसरायच्या आणि जाळायच्या. याला राब भाजणं म्हणत. त्यानं तण मरे आणि राखेवर रोपं तरारून येत. पण होता होता डोंगर बोडका झाला, आणि सगळ्या गावाला पाणी पाजणारा झरा चैत्रातच करंगळीएवढा झाला.

गावचा पाटील भला माणूस, फक्त एकदा ठरवलं की ठरवलं. त्यानं दवंडी पिटवली, "यंदापासून डोंगरावरची फांदी तोडायची नाही. तोडेल त्याची जमीन गाव काढून घेईल. नियम सगळ्यांना सारखा, पाटलालासुद्धा."

घरी पाटलीण म्हणाली, "आपल्याला काय हो त्याचं? आपल्या परसात घराएवढा शेणाचा ढीग आहे. वरच्या वाडीनं वाफ्यात काय घालायचं?"

"तू आधी भात वाढ," पाटील म्हणाला.

फांदी खरंच कुणी तोडली नाही. तरी पुढच्या उन्हाळ्यात झरा आणखीच आटला. पाटलाला काही कळेना. झरा गेला तर गावच उठायचं. एका सकाळी तो स्वतः डोंगर चढला, तर वरच्या वाडीतली एक बाई झाडांखाली खराटा फिरवत होती. सगळा पाचोळा तिच्या पाटीत, आणि खालची जमीन अंगणासारखी लख्ख.

"काय चाललंय गं?"

"झाडते, पाटील. फांदी तोडू नका म्हणालात. पाचोळ्याचं दवंडीवाला काही बोलला नाही."

"अगं, पाचोळ्याखालीच पाणी मुरतं. झरा मारशील तू."

बाईचा हात थांबला. "झऱ्याचं पाणी मीपण पिते. पण गेल्या साली चारच पाट्या पाचोळा भाजला, तो पुरला नाही आणि रोपं पिवळी पडून गेली. पोरांना कण्यांची पेज पाजून वर्ष काढलं. यंदा काय करू, ते तुम्हीच सांगा."

"जमीन काढून घेईन हं."

"घ्या की. मग पाचोळाही नको आणि पेरणीही नको. सुटलेच मी."

तेवढ्यात घंटा वाजल्या. खालच्या आळीची गुरं चरायला वर येत होती, पाटलाची सर्वांत पुढे.

"आली तुमची मंडळी जेवायला," बाई हसून म्हणाली आणि पाटी उचलून चालू लागली.

ते वाक्य पाटलाच्या डोक्यातून जाईना. संध्याकाळी गुरं परतली तेव्हा तो गोठ्यात जाऊन उभा राहिला.

"काय शोधताय?" पाटलिणीनं विचारलं.

"शेण बघतोय."

"जन्मात पहिल्यांदा?"

"डोंगर सगळ्या गावाचा, पण त्याचं गवत आपल्याच परसात येऊन पडतंय गं," पाटील हळूच म्हणाला. "मी निम्माच नियम केला."

दुसऱ्या दिवशी त्यानं देवळापुढे गाव जमवलं. "फांदी तोडायची नाही आणि पाचोळाही उचलायचा नाही. पण डोंगरावर चरणारी गुरं उन्हाळाभर रात्री पाळीपाळीनं वरच्या वाडीच्या जमिनीत बांधायची. त्यांचं शेण तिथेच राहील. पहिली पाळी माझ्या गुरांची."

खालच्या आळीतला एक मोठा शेतकरी उसळला. "म्हणजे आमच्या गुरांनी फुकट खत द्यायचं?"

"फुकट चरतात तेव्हा कुठे विचारलंस?" पाटील म्हणाला. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

वाडीतली बाई उठली. "खताचं झालं. पण भाजलं नाही की तण माजतं. एकटीनं किती उपटू?"

"मी येते की," पाटलीण म्हणाली. "वरच्या वाडीतल्या गप्पा ऐकून किती दिवस झाले." मग तिच्यामागून खालच्या आळीतल्या आणखी बायका तयार झाल्या.

त्या वर्षी वाडीची रोपं राखेवर येत तशी गर्द काळीभोर आली नाहीत, पण हिरवी आली आणि टिकली. घरोघरी भात आलं. दोन पावसाळे गेल्यावर डोंगरावर पाचोळ्यातून कोवळी झाडं वर आली, आणि झरा वैशाखातही वाहू लागला.

एकदा तोच मोठा शेतकरी गोठ्याच्या खांबाला लाकूड हवं म्हणून कोयता घेऊन डोंगरावर गेला. पाटलानं राखणदार असा कुणी ठेवलाच नव्हता. पण वाडीतली बाई वाटेत उभी राहिली.

"दादा, कोयता खाली ठेवा आणि पाणी प्या. आताच झऱ्यावरून आणलंय."

तो पाणी प्यायला, जरा वेळ सावलीत टेकला आणि आला तसा परत गेला.

तात्पर्य एवढंच: डोंगर राखायचा तर ज्याच्याकडे जास्त आहे त्यानं आधी हात सैल करावा, मग राखण करायला अख्खं गाव उभं राहतं.