आवडाई लोहारीण आणि शेवरघळीची खंडेनवमी

फार वर्षं झाली. किती, ते शेवरघळीत कुणाला विचारू नये. "आमच्या आज्याच्या आज्याला विचारा," असं उत्तर मिळतं.

तेव्हा सारजगडच्या गादीवर म्हातारा राजा होता. समुद्रापलीकडची लाल डगल्यांची पलटण तोफा ओढत घाट चढून आली, राजाला पडद्याच्या पालखीत घालून घेऊन गेली आणि गादीवर तिनं त्याच्या पुतण्याला बसवून ठेवलं. शिक्का ह्याचा, हुकूम त्यांचा. लोक त्याला 'भाड्याचा दरबार' म्हणत. अर्थात हळू आवाजात. दरबाराची पहिलीच दवंडी फिरली, की घरातली हत्यारं चौकीवर आणून टाका. लोकांनी गंजलेली टाकली नि चांगली शेणखतात पुरली. गडावरचे शिपाई हवालदार सुभानजीच्या मागोमाग रानात उतरले आणि दरबाराशी लढू लागले.

बाळोजी लोहाराचा मुलगा कुशाबाही त्यांच्यात गेला. मागं राहिली त्याची नवी नवरी, आवडा. तीही लोहाराचीच लेक. बोलायची कमी, बघायची फार. सासू म्हणायची, "सून आणली की भिंतीला टेकवायला मुसळ आणलं?"

खंडेनवमी जवळ आली. नवमीला हत्यारं पुजायची आणि दसऱ्याला शीव ओलांडून लढाईला निघायचं, ही तिकडची रीत. न पुजलेलं हत्यार ऐन वेळी धन्यालाच लागतं, अशी समजूत. सुभानजीचा निरोप आला, की आम्ही पूजेला खाली येतो, पुजलेली हत्यारं घेतो आणि दसऱ्याला चौकी मारतो.

त्याच सुमारास एक झेंडूवाला गावात आला. फुलं स्वस्त, तोंड गोड. "मावशी, माळा किती लागतील?" असं दारोदार विचारी. हत्यारागणिक एक माळ, हे कुणाला ठाऊक नाही? बायका मोठेपणानं दोन जास्तच सांगत. आवडा उंबऱ्याशी बसून त्याचे पाय बघत होती. अनवाणी हिंडणाऱ्याच्या टाचा लोण्यासारख्या मऊ, आणि घोट्यापर्यंत बुटात राहिलेली पांढुरकी कातडी.

तो गेल्यावर ती म्हणाली, "मामंजी, या वर्षी हत्यारं बाहेर काढू नका."

सासू कडाडली, "इतके दिवस तोंड उघडलं नाही, आणि उघडलं ते हे अभद्र बोलायला!"

बाळोजी म्हणाला, "पोरी, हत्यार उपाशी ठेवून लेकाला लढायला धाडू?"

"आणि ते पूजेला आले नि पाटाशीच धरले गेले तर? झेंडूवाल्याच्या टाचा तेवढ्या बघून या."

बाळोजी बघून आला. भात्याजवळ येऊन टेकला. मग म्हणाला, "पण पूजा?"

"हत्यारं रानात जाऊ देत. आपण रिकामा पाट पुजू. पोचायची तिथं पोचेल."

पाऊस लांबल्यानं दसऱ्याआधीचं गोधड्यांचं धुणंही त्या वर्षी लांबलं होतं. नवमीच्या आदल्या दिवशी गावच्या बायका गाठोडी घेऊन नदीला निघाल्या. गोधडीगोधडीत तलवारी, बंदुका. एका म्हातारीचं गाठोडं झेंडूवाल्यानंच उचलून तिच्या डोक्यावर दिलं, असं म्हणतात.

"भलतीच जड गं आजी!"

"हाडं थंडावतात रे बाबा, जाड शिवलीय."

नदीपलीकडं, आधीच निरोप गेल्यानं, सुभानजीची माणसं उभीच होती. गोधड्या धुऊन परत आल्या, हत्यारं आली नाहीत.

नवमीला पलटण आली. घरोघरी हळदकुंकू वाहिलेला पाट, भोवती झेंडूच्या माळा, आणि पाटावर काहीच नाही. कप्तानानं झेंडूवाल्याकडं बघितलं, झेंडूवाल्यानं जमिनीकडं. मग त्यांनी बाळोजीला खांबाला बांधलं. "माणसं कुठं आहेत ते सांग, नाहीतर गाव जाळतो."

आवडा पुढं झाली. डोईवरचा पदर नीट करून म्हणाली, "म्हाताऱ्याला सोडा. वाट मी दाखवते."

तिनं वाट दाखवली, ती नेमकी उलटी. दिवसभर तिनं पलटणीला करवंदीच्या जाळ्यांतून वर वर नेलं. त्या दिवशी डोंगर एकेक हात उंच होत गेला, असं म्हणतात. दिवस कलायला ती कड्यावर पोचली. तिथून पुढं वाट नव्हती. खाली, दूरवर, चौकी जळताना दिसत होती. सुभानजीनं दसऱ्याची वाट बघितली नव्हती.

कप्तानानं तलवार उपसली. पण आवडा लोहाराची लेक आणि लोहाराची सून. लोखंडानं तिला ओळखलं. तलवार मेणासारखी वाकली, बंदुकीला ठिणगी धरेना, असं म्हणतात. मग त्यांनी तिला हातांनीच ढकललं. हातांना कुठली ओळख!

कुशाबा कितीतरी दिवस कड्याखालची घळ धुंडाळत होता. त्याला बांगडीचा तुकडासुद्धा सापडला नाही. भाड्याचा दरबार पुढंही पुष्कळ वर्षं टिकला. पण त्याची दवंडी शेवरघळीत पुन्हा फिरली नाही.

अजूनही खंडेनवमीला त्या गावात कोयत्याला, विळीला, कशालाच फूल वाहत नाहीत. बाळोजीच्या भात्याच्या जागी रिकामा पाट मांडतात. पहिलं फूल गावातल्या सगळ्यांत नव्या सुनेनं वाहायचं. ते वाहून झालं की गावातला सगळ्यांत म्हातारा माणूस तिच्यासमोर हात जोडून विचारतो, "बाई, तुला काय दिसतं?" ती बोलेपर्यंत कुणी नैवेद्याला हात लावत नाही. कुणी सांगते, देवळाच्या भिंतीला तडा गेलाय. कुणी सांगते, सासऱ्यांना हल्ली कमी दिसतं, ते लपवतात. जे सांगेल ते गाव मुकाट्यानं ऐकतं.

आणि एखादी काहीच बोलत नाही, नुसती कड्याकडं बघत राहते. मग सगळेच तिकडं बघत राहतात. नैवेद्य निवून जातो, तरी कुणी तिला घाई करत नाही.